दिंडोरी रोडची गोटी सोड्याची बाटली भंगारात चाललीये, वाचवता येईल का? (आणि एकूणच रस्त्याकडेच्या अवाढव्य बाटल्या)

गोदाकाठचा
मंडळी, नाशिकचं म्हसरूळ सोडून दिंडोरीकडे निघालं की डाव्या हाताला गोटी सोड्याची एक मोठ्ठी बाटली उभी आहे, १८ फूट तरी असेल, पत्र्याची, हिरवट निळी. वणीला पायी जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सोड्याचं दुकान केव्हाच बंद पडलं, आता जागाही विकली गेली आणि नवीन मालकांना तिथे गाळे काढायचेत. माणूस चांगला आहे, मला म्हणाले ज्याला न्यायची त्याने खुशाल न्या, नाहीतर भंगारवाला ठरलेलाच आहे.

कधी जवळ जाऊन बघितलीये का कुणी? पत्रा डिझेलच्या ड्रमचा आहे, ड्रम उभे चिरून ठोकून सपाट केलेले, जिथे रंग उडालाय तिथे ड्रमवरची जुनी अक्षरं उलटी दिसतात. मानेला दोन बाजूंनी चिमटा काढल्यासारखे खळगे आहेत, अगदी खऱ्या बाटलीला असतात तसे. मानेत काचेऐवजी जाळी बसवलीये आणि त्यातून आतली गोटी दिसते. वारा सुटला की गोटी हलते आणि टण् टण् वाजते. ज्या कुणी ही बनवली त्याने नुसती जाहिरात केली नाहीये, जीव ओतलाय.

माझं मत सरळ आहे, ही बाटली राहिली पाहिजे. उभी केली ती सोडा विकायलाच, पण आज तिथे सोडा मिळत नाही तरी लोक कंडक्टरला "बाटलीपाशी उतरवा" म्हणतात, म्हणजे ती आता दुकानाची राहिलेली नाही, रस्त्याची झालीये. कुठे हलवता येईल, काय खर्च येईल, कुणाला माहिती आहे का? आणि तुम्ही देशात परदेशात अशा बाटल्या बघितल्या असतील तर तेही लिहा, मला या विषयाचं वेड आहे.

निफाडची_नात
अय्यो ती बाटली!! आजीबरोबर चैत्रात गडावर चालत जायचो तेव्हा पहिला मोठा थांबा तिथेच असायचा. आजी सोडा कधी प्यायची नाही, म्हणायची नाकात जातो, पण बाटलीच्या सावलीत चप्पल काढून बसायची. काहीही करा पण भंगारात नको.

पंचवटी_एक्सप्रेस
+१. आमच्याकडे पत्ता सांगायची पद्धतच ती आहे, "बाटलीच्या पुढे दुसरा मळा".

सातपूरकर_७२
तुमच्या भावना समजतात पण मी विरुद्ध मत मांडतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला काय झालं आठवतंय ना? जाहिरातीचा फलक कोसळून १७ माणसं गेली. १२० बाय १२० फुटांचा फलक होता, मुंबईत कमाल मर्यादा ४० बाय ४० ची, म्हणजे क्षेत्रफळ धरलं तर नऊ पट. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी चिंचवडला किवळ्यात पाच जण गेले, २०१८ ला पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात चार जण गेले, सिग्नलला थांबलेली माणसं होती ती. वळवाचा पाऊस आला की लोक आडोसा शोधतात आणि नेमके अशाच वस्तूंखाली थांबतात. आता इथे वर ताई म्हणतायत आजी सावलीत बसायची. तीच तर भीती आहे. जुनं लोखंड, पाया कुणी घातला माहीत नाही, कागद नाहीत. खूण म्हणून प्रेम आहे तर फोटो काढून ठेवा, ती माणसांच्या डोक्यावर कशाला?

निफाडची_नात
@सातपूरकर काका, मुद्दा अगदी मान्य, पण म्हणून काढूनच टाका हे नाही पटत. तपासून घ्या, कुंपण घाला.

अंबड_फॅब्रिकेशन
माझा धंदाच हा आहे म्हणून थोडं लांबण लावतो. फलक आणि बाटली यांना एकाच मापात मोजू नका. वाऱ्याचं गणित करताना भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग बघतात, त्यात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किमी. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ढोबळ ९३ किलो येतो. आता ४० बाय ४० चा सपाट फलक घ्या, दीडशे चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रफळ, म्हणजे जवळपास १४ टनांचा रेटा, आणि तो सगळा उंचावर. १८ फुटी बाटलीचं वाऱ्यासमोरचं अंग सहा सात चौरस मीटरच्या वर जात नाही, त्यात ती गोल, गोल अंगावरून वारा घसरून जातो म्हणून रेटा आणखी कमी. आकार म्हणून बाटली फार सुरक्षित आहे, खाली रुंद वर निमुळती, यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

धोका असतो तो बुडाशी. पोकळ वस्तूत पाणी शिरतंच, बुडाला पाणी निघायला भोकं ठेवली नसतील तर बेसप्लेट आतून सडते, वरून रंग चकाचक आणि आतून पापुद्रे. काँक्रीटमधले बोल्ट जिथे प्लेटला भेटतात तिथे हातोडी मारून बघायचं, खणखणीत वाजलं तर जीव आहे, बद्द वाजलं तर गेलं. मी बघून येऊ शकतो, पैसे नकोत.

गोदाकाठचा
@अंबड_फॅब्रिकेशन दादा, यापेक्षा मोठी मदत काय असणार! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मिसूरीची_मनीषा
मी मूळची नाशिकच्या सिडकोची, सध्या सेंट लुईसजवळ राहते. इथून नदीपलीकडे कॉलिन्सव्हिल नावाचं गाव आहे इलिनॉयमध्ये, तिथली केचपची बाटली जगप्रसिद्ध आहे. १९४९ ला बांधलेली, एकूण १७० फूट, त्यात १०० फुटांचे पाय आणि त्यावर ७० फुटांची बाटली. नुसती शोभेची नाही बरं का, ती पाण्याची टाकी आहे, केचपच्या कारखान्याला पाणी पुरवायला बांधली होती, एक लाख गॅलनची. टाकी लागणारच होती तर बाटलीच्याच आकाराची बांधा म्हणून.

पुढे कारखान्याला तिची गरज उरली नाही, रंग उडाला, गंज चढला, पाडायची वेळ आली. तेव्हा गावातले लोक एकत्र आले, टी-शर्ट वगैरे विकून पैसे जमवले आणि १९९५ ला पूर्ण दुरुस्त करून रंगवली. २००२ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलं. पुढे तिच्या नावाने उत्सवही भरवला. गोदाकाठचा, तुमची गोष्ट वाचताना तीच डोळ्यासमोर आली म्हणून एवढं लिहिलं. सरकारने नाही, गावाने वाचवली ती.

भटका_विमुक्त
वा मनीषाताई. भर घालतो, बोस्टनला बंदराजवळ मुलांच्या म्युझियमसमोर दुधाची बाटली आहे, ४० फूट, लाकडी. १९३० च्या दशकात टॉन्टन नावाच्या गावात एकाने आइस्क्रीम विकायला बांधली, खाली खिडकी आणि खिडकीतून विक्री. पुढे कित्येक वर्षं ओस पडली होती. १९७७ ला एका डेअरी कंपनीने घेतली आणि चक्क तराफ्यावर चढवून समुद्रातून बोस्टनला आणली. ४० फुटी बाटली समुद्रातून जाते तर आपली १८ फुटी दिंडोरी रोडवरून का नाही जाणार?

कॅनडा_कॉर्नर
माँट्रियललाही आहे एक, दुधाचीच, १९३० ची, १० मीटर उंच, एका इमारतीच्या माथ्यावर. २००९ मध्ये दुरुस्त केली. (मी खऱ्या कॅनडात राहतो, आयडी मात्र आपल्या नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकाचा :))

मेनरोडचा_पेंटर
या असल्या वस्तू अमेरिकेत १९२० ते ४० च्या काळात का बोकाळल्या याला कारण आहे. मोटारी वाढल्या. चालणारा माणूस पाटी वाचतो, मोटारीतला वाचू शकत नाही. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, "थंडगार सोडा, लिंबू सरबत, ताक मिळेल" एवढं वाचेपर्यंत दुकान मागे पडलेलं असतं. आकार मात्र अर्ध्या किलोमीटरवरून कळतो, कुठलीही भाषा येवो न येवो. लाँग आयलंडवर १९३१ ला एका बदकं पाळणाऱ्याने बदकाच्याच आकाराचं दुकान बांधलं, आत बदकं आणि अंडी विकायला. ते अजून उभं आहे आणि आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांना त्याचा दाखला देतात.

आम्ही पाट्या रंगवायचो तेव्हा गिऱ्हाईक नेहमी म्हणायचं अक्षर मोठं काढा. मी सांगायचो अक्षर कमी करा. फ्लेक्स आल्यापासून ऐकायलाच कुणी उरलं नाही, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात आणि एकही ओळखू येत नाही. त्यामानाने ती सोड्याची बाटली बनवणारा कारागीर खरा शहाणा, एक शब्द लिहिला नाही त्याने.

द्राक्षबागाईतदार
माझी सूचना सगळ्यांना आवडेल का माहीत नाही पण मनापासून मांडतो. आपण स्वतःला वाईन कॅपिटल म्हणवतो, गंगापूर धरणापाशी १९९९-२००० पासून वायनरी उभ्या राहिल्या, विंचूरला वाईन पार्क आहे, तर पाथर्डी फाट्याला मुंबईहून येणाऱ्याच्या स्वागताला एक ५० फुटी वाईनची बाटली का नको? ऑस्ट्रेलियात रदरग्लेन म्हणून वाईनचं गाव आहे, तिथे पाण्याच्या जुन्या टाकीवर जाळीचा सांगाडा चढवून बाटली केलीये. द्राक्ष आपल्या शेतकऱ्याचं आहे, त्यात लाजायचं काय.

कोर्टाची_पायरी
लाजायचा प्रश्न नाही साहेब, कायद्याचा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा, कलम २४ बघा, मद्याचा खप वाढेल अशी जाहिरात करायला बंदी आहे. त्यावर सुप्रीम कोर्टाचा १५ डिसेंबर २०१६ चा निकाल, ज्यात हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली होती. दुकानांचं सगळ्यांना आठवतं पण त्याच निकालात हेही होतं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरच्या दारू मिळण्याच्या पाट्या, जाहिराती ताबडतोब काढा. पुढे जुलै २०१७ मध्ये शहराच्या हद्दीतल्या परवानाधारक दुकानांबाबत कोर्टाने खुलासा केला, त्यांना सवलत मिळाली. पण हायवेवर ५० फुटी वाईनची बाटली उभी करून ती जाहिरात नाही असं कोण म्हणेल? द्राक्षाचा घड उभारा, कुणी हरकत घेणार नाही.

द्राक्षबागाईतदार
घड तर मग बेदाण्याचा पण चालेल :) ठीक आहे, कलम वाचतो. पण शेतकऱ्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी होती.

कोर्टाची_पायरी
आणि गोदाकाठचा, तुमच्यासाठी: शहर हद्दीत हलवणार असाल तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २४४ आणि आकाशचिन्हांचे (उंचावर लावलेल्या जाहिरात फलकांचे) २०२२ चे नियम बघून घ्या. बाटलीवर कुठल्या कंपनीचं नाव नाही आणि ती काही विकत नाहीये हे तुमच्या बाजूचं आहे, तरी लेखी अर्ज आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला जोडल्याशिवाय उभी करू नका. तोंडी "करा हो" वर जाऊ नका.

सिन्नरी_वारा
अवांतर: अवाढव्य खुणा म्हटलं की आपल्याला बांधायचीही गरज नाही. मनमाडजवळ अंकाई टंकाईच्या बाजूला हडबीची शेंडी आहे ना, रेल्वेतून दिसते, अंगठा वर केल्यासारखा सुळका. सगळा महाराष्ट्र तिला थम्सअप म्हणतो. कोल्ड्रिंकची एवढी मोठी जाहिरात जगात कुठे नसेल, आणि एक रुपया खर्च नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
@सिन्नरी_वारा हाहा खरंय, मनमाड आलं की डब्यातली पोरं खिडकीला. मात्र चढायला सोपा नाही तो, दोर लागतो.

लुधियाना_रिटर्न
पंजाबात कामाला होतो, तिकडे जालंधरच्या गावांमधून घरांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या बघाव्यात, विमान, फुटबॉल, गरुड, काय काय आकार! परदेशी गेलेल्या मुलांच्या पैशातून बांधलेल्या. घराची ओळख टाकीवरून. आपल्याकडे गच्चीवर काळ्या सिंटेक्स सोडून काही नाही. मला वाटतं आपल्या जलकुंभांना निदान रंग तरी द्यावा.

स्पॅनिश_ओमलेट
स्पेनचं उदाहरण तुमच्या मूळ प्रश्नाला फार लागू आहे. तिकडे हायवेच्या टेकड्यांवर काळे बैल उभे असतात, १४ मीटर उंच, १९५६ ला एका ब्रँडी कंपनीसाठी मानोलो प्रिएतो या चित्रकाराने काढलेले. १९८८ मध्ये हायवेवरच्या जाहिराती बंद करणारा कायदा आला, कंपनीने नाव पुसलं आणि नुसता काळा बैल ठेवला. तो पण काढा म्हटल्यावर लोक उठले, शेवटी १९९७ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा आता जाहिरात राहिलेला नाही, निसर्गदृश्याचा भाग झालाय, राहू द्या. माद्रिदच्या मुख्य चौकात शेरीची बाटली आहे दिव्यांची, डोक्यावर हॅट, अंगात लाल जाकीट, हातात गिटार. इमारतीच्या कामासाठी २०११ ला उतरवली तर शहर हळहळलं, २०१४ ला शेजारच्या दुसऱ्या इमारतीवर परत बसवली.

सातपूरकर_७२
@स्पॅनिश_ओमलेट हे वाचून माझा विरोध थोडा मवाळ झालाय हे कबूल, पण अट तीच. त्यांच्या बैलाची नियमित देखभाल होते. आपल्याकडे उद्घाटन होतं, मग पुढे कुणी बघत नाही. चौकाचौकांतली कारंजी बघा आपल्या शहरातली. कोण रंगवणार दर तीन चार वर्षांनी, हे आधी ठरवा. उत्तर असेल तर मीही वर्गणी देतो.

मेनरोडचा_पेंटर
रंग मी देतो. लिहून घ्या. हात चालतात तोवर.

शास्त्राची_बाई
गोटी सोड्याची बाटली म्हणजे भौतिकशास्त्राचा एक अख्खा तास आहे हो! हायरम कॉड या इंग्रज इंजिनियरने १८७२ ला तिचं पेटंट घेतलं. बाटली भरताना उलटी धरतात, गोटी तोंडाशी येते, आतल्या वायूचा दाब तिला रबरी रिंगवर घट्ट दाबून धरतो, बूच नाही तार नाही. अंगठ्याने गोटी आत ढकलली की दाब सुटतो, तोच तो "फट्" आवाज. आणि मानेतले ते खळगे शोभेचे नाहीत, पिताना गोटी तिथे अडकते म्हणून धार बंद होत नाही. मुलांना मी खरी बाटली आणून दाखवते दरवर्षी, डोळे विस्फारतात. बनवणाऱ्याने खळग्यांसकट बनवलीये म्हणजे त्याला ते कळलेलं होतं.

माझी शाळा मखमलाबादच्या पुढे आहे, मैदानाला लागून मोकळा कोपरा आहे. मुख्याध्यापकांशी बोलू का?

निफाडची_नात
बोला बोला बोला!!

कचरा_आपली_जबाबदारी
मी वेगळं सुचवते. २०२७ ला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, घाटावर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचा खच पडणार. काही समुद्रकिनाऱ्यांवर जाळीचे मोठे मासे किंवा बाटल्या ठेवतात, लोक रिकाम्या बाटल्या त्यात टाकतात. तशी ही बाटली वरचा भाग कापून रामकुंडाजवळ ठेवली तर उपयोग तरी होईल.

गोदाकाठचा
ताई, कल्पना खूप चांगली आहे पण त्यासाठी नवीन जाळीची बाटली बनवा, मी स्वतः मदतीला येतो. हिला कापायचं नाही. आणि गोटी सोड्याची काचेची बाटली तर परत भरून वापरायची वस्तू आहे, तिच्या पोटात प्लास्टिक कोंबणं मला नाही बघवणार.

कचरा_आपली_जबाबदारी
हे पटलं. मग शाळेत उभी करा आणि शेजारी पाटी लावा की ही बाटली फेकायची नसते, परत द्यायची असते.

अंबड_फॅब्रिकेशन
आज जाऊन बघून आलो. रिपोर्ट असा: अंगाचा पत्रा चांगला आहे, ड्रमचा पत्रा जाड असतो त्याचा फायदा. आत मधोमध चार इंची पाइप आहे आणि त्याला तीन ठिकाणी रिंगा, कुणीतरी विचार करून केलंय काम. बूड मात्र गेलंय, हातोडीने प्लेटचा कोपरा तुटून हातात आला. म्हणजे सातपूरकर काकांची शंका बरोबर होती, आहे तिथे अजून एक दोन पावसाळे काढले असते तर पडली असती. खालचा फूटभर भाग कापून नवीन बेसप्लेट, पाणी निघायला चार भोकं, आतून रेड ऑक्साइड आणि शाळेत सव्वा मीटर खोल आरसीसी पाया. दाखला माझ्या ओळखीचे इंजिनियर देतील, डिझाइन ते करतील मी नाही. भोवती पाच फुटांवर ग्रिलचं कुंपण, पोरं चढणार म्हणजे चढणारच.

आणि ज्यांना प्रश्न पडला असेल की एवढी मोठी गोटी आत गेली कशी, तोंडाची रिंग बोल्टची आहे, उघडते. गोटी म्हणजे फायबरचा पोकळ गोळा, आत एक लोखंडी नट सुटा ठेवलाय. आवाज त्याचा येतो.

निफाडची_नात
नट मुद्दाम ठेवलाय?? किती गोड माणूस असेल तो.

सातपूरकर_७२
अहवाल वाचला. असं काम होणार असेल तर माझी पूर्ण साथ. सिमेंट माझ्याकडून.

शास्त्राची_बाई
मुख्याध्यापक हो म्हणाले, शाळा समितीची बैठक गुरुवारी आहे, तोवर लेखी काही देता येणार नाही. त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात, पावसात वीज पडण्याचं काय आणि खेळाच्या तासाला बॉल तिकडे गेला तर काय.

अंबड_फॅब्रिकेशन
विजेसाठी अर्थिंगची पट्टी पायातच टाकून घेऊ, लोखंडी वस्तू उंच उभी करायची तर ती हवीच. बॉलसाठी कुंपणाला कडी असलेलं छोटं दार ठेवू, चावी शिपाईमामांकडे.

गोदाकाठचा
मालकांशी बोललो, ते पुढच्या रविवारपर्यंत थांबायला तयार आहेत आणि भंगाराचे पैसेही नको म्हणाले. आता ठरलंय ते असं: गुरुवारी शाळेचा होकार आला की शनिवारी शाळेत खड्डा, रविवारी पहाटे हायड्रा (क्रेन) लावून बाटली आडवी करायची, गोटी आधी काढून घ्यायची नाहीतर वाटेत जाळी फोडेल. आडवी असताना बुडाचं काम अंबडला, पाया पिकला की उभी करू. हायड्रा आणि आयशरचं भाडं वर्गणीतून, ज्यांना द्यायचंय त्यांनी व्यनि करा, इथे आकडे टाकू नका. कुणाकडे रुंद कापडी पट्टे असतील तर सांगा, साखळीने बांधली तर पत्रा चेपेल.

द्राक्षबागाईतदार
पट्टे माझ्याकडे आहेत, कंटेनर लोडिंगचे. आयशर पण माझीच घ्या, भाडं नको, डिझेल टाका. म्हसरूळला किती वाजता येऊ?